‘ब्लू’ : सगळं सांगूनही झाकलेलं

सोमवारी सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये कुणी ‘काय, कसं चाललंय?’ विचारलं की आपलं उत्तर ठरलेलं. ‘एकदम मस्त!’ ब्रेकअप झालेलं असो, नाहीतर अप्रेझलमध्ये पोपट झालेला असो, मस्त म्हणजे मस्त! आणि रात्री याच्या उलट. स्टेटस, स्टोरी, रील... जगाला सगळं सांगून मोकळे. मधलं काही आपल्याला येतच नाही. ते ज्यांना शिकायचंय, त्यांच्यासाठी या आठवड्याचा अल्बम : जोनी मिचेलचा ‘ब्लू’.

जून १९७१ मध्ये तो आला. गाणी फक्त दहा, वेळ जेमतेम ३६ मिनिटं. जोनी मूळची कॅनडाची, तेव्हा सत्तावीस वर्षांची, म्हणजे साधारण आपल्याच वयाची. गायक ग्रॅहम नॅशबरोबरचं नातं तुटण्याच्या सुमारास, १९७० मध्ये, ती युरोपात भटकायला गेली. ग्रीसमधल्या क्रीट बेटावर, मातालाच्या गुहांत राहणाऱ्या हिप्पींमध्ये रमली. सोबत होतं डल्सिमर, मांडीवर आडवं ठेवून वाजवायचं छोटंसं तंतुवाद्य. या अल्बममधली बरीच गाणी याच काळातली.

ऐकताना पहिल्यांदा जाणवतं ते रिकामेपण. एक आवाज आणि गिटार, पियानो किंवा डल्सिमर. दोन-तीन गाण्यांत जेम्स टेलरची गिटार, बाकी साथ अगदी मोजकी. लपायला जागाच नाही! त्या दिवसांत आपण सिगरेटच्या पाकिटावरच्या पारदर्शक कागदासारखे झालो होतो, असं जोनीनं १९७९ च्या एका मुलाखतीत सांगितलं. ही गाणी ऐकून मित्र क्रिस क्रिस्टोफरसन तर हबकलाच. अगं, स्वतःसाठी काहीतरी राखून ठेव, असा त्याचा सल्ला होता.

मला विचाराल तर जोनीनं राखून ठेवलं होतं. अल्बममधलं तिसरं गाणं ऐका, ‘लिटल ग्रीन’. १९६५ मध्ये, एकवीस वर्षांची, अविवाहित आणि कफल्लक असताना तिला मुलगी झाली. सांभाळणं शक्य नव्हतं, म्हणून तिनं ती दत्तक दिली. हे गाणं त्या मुलीसाठी आहे. पण १९७१ मध्ये ते कुणाला कळलं? ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकाला तर गाण्याचा अर्थच लागेना. ‘सगळं उघड सांगणारा’ म्हणून गाजलेल्या अल्बममध्ये आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख उघड्यावरच ठेवलेलं होतं आणि कुणाला दिसलं नाही. मायलेकींची भेट झाली थेट १९९७ मध्ये.

हा मोकळेपणा मला फार आवडतो. घटना सांगितली नाही, पण भावना शंभर टक्के खरी. आपण नेमकं उलटं करतो राव! कोण काय बोललं, कुणी कुणाला ब्लॉक केलं, याचे स्क्रीनशॉटसकट तपशील देतो. आतून काय वाटलं, ते मात्र गुलदस्त्यातच.

तिच्या सुरांतही हेच आहे. नवव्या वर्षी झालेल्या पोलिओनं डावा हात कमकुवत झाला. नेहमीचे कॉर्ड धरणं अवघड, म्हणून तिनं गिटारच्या तारा आपल्या सोयीनं वेगळ्या लावल्या. त्यातून जे कॉर्ड निघाले ते काहीसे अधांतरी, प्रश्न विचारून थांबल्यासारखे. पियानोवरचं ‘रिव्हर’ घ्या. सुरुवातीला ‘जिंगल बेल्स’ची ओळखीची धून येते, पण अशी उदास, की सणाच्या गर्दीत एकटं पडलेल्या कुणालाही ती आपली वाटावी.

‘रोलिंग स्टोन’च्या सर्वोत्तम ५०० अल्बमच्या यादीत ‘ब्लू’ २००३ मध्ये तिसावा होता, २०२० मध्ये तिसरा आला. आणि जोनी? २०१५ मध्ये मेंदूतल्या धमनीच्या आजारानं तिचं चालणं-बोलणं थांबलं होतं. तिथून सावरून, जुलै २०२२ मध्ये न्यूपोर्ट फोक फेस्टिव्हलमध्ये, ७८ व्या वर्षी, ती पुन्हा गायली. त्यात ‘ब्लू’मधलं ‘अ केस ऑफ यू’सुद्धा होतं. आवाज खाली उतरलेला, पण खरेपणा तोच.

तेव्हा शफल बंद करा, फोन सायलेंटवर टाका आणि दहाही गाणी ओळीनं ऐका. ३६ मिनिटं म्हणजे एक फालतू मीटिंग, बस्स! त्यानंतर एखाद्या जवळच्या माणसाला फोन करावासा वाटला, तर जरूर करा. स्टेटस नंतर टाकता येईल.