श्वास आई मोजते, निर्णय कोण घेतं?

“रातच्यापासून धापून राह्यला. पोट उडते त्याचं,” मालेगाव तालुक्यातल्या एका वस्तीवर आठ महिन्यांच्या बाळाची आई मला सांगत होती. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ६४!

“मग दवाखान्यात का नेलं नाही?”

“मालक सोंगणीले गेले. पैसा त्याइच्याजवळ. न इचारता कशी नेऊ?”

आम्ही दोघी त्याला घेऊन निघालो. बाळ वाचलं. पण रात्र वाया गेलीच होती.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त झाले, की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा. छाती आत ओढली जात असेल तर क्षणभरही थांबायचं नाही. गडचिरोलीत डॉ. राणी व अभय बंग यांच्या ‘सर्च’ने वाळूचं घड्याळ आणि मणी देऊन हे अल्पशिक्षित दायांनाही शिकवलं. गावातच औषध मिळू लागलं. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत निम्म्याहून कमी राहिले, हे १९९० साली जगापुढे आलं.

म्हणजे आजार ओळखणं बाईला जमतं. तरीही मूल दगावलं की ‘आईच अडाणी’ म्हणून आपण मोकळे होतो. तिच्या हाती नसतो तो पैसा आणि निर्णय. म्हणून प्रत्येक बचत गटाने ठराव करावा: मुलाच्या दवाखान्यासाठी आईला पेटीतले पैसे तत्काळ मिळतील, घरच्यांची संमती न विचारता. श्वास मोजायला शिकवतो, तर तिचा शब्दही मोजायला नको का?