दयेची सहल आणि बांधिलकीचा मुक्काम

रायपूर रेल्वे स्थानकामागच्या आमच्या गुढियारीत एका सुखवस्तू घरातील सतरा वर्षांच्या मुलाचे नुकतेच मोठे कौतुक झाले. भरभक्कम शुल्क भरून तो एका धर्मादाय वैद्यकीय पथकाबरोबर आफ्रिकेत गेला, दोन आठवडे राबला आणि परतला. ‘मी अंतर्बाह्य बदललो,’ असे तो सांगतो. त्याच्या प्रामाणिकपणाविषयी आम्हांस तिळमात्र शंका नाही. परंतु पथक निघून गेल्यावर त्या गावात काय बदलले, हा प्रश्न सत्कारसभेत कोणीही विचारला नाही. जेथे दरिद्री माणसाची व्याधी हे श्रीमंताच्या आत्मोन्नतीचे साधन ठरते आणि त्या व्याधीला जन्म देणारी लुटारू व्यवस्था नामानिराळी राहते, तेथे दया ही शोषणाचीच शोभा वाढवते.

मग परदेशी जाऊन सेवा करूच नये काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या वतीने सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडे मदत मागितली, तेव्हा १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक धाडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे तरुण डॉ. द्वारकानाथ कोटणीसही होते. पित्याच्या निधनाची वार्ता येऊनही कोटणीस माघारी फिरले नाहीत. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांनी वाहिली, १९४२ साली चिनी कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि त्याच वर्षी ९ डिसेंबरला त्याच भूमीत देह ठेवला. लढणाऱ्या जनतेने हाक दिली म्हणून ते गेले आणि तिच्यातलेच एक झाले. बदल म्हणतात तो हा!

आणि त्यासाठी पारपत्रच हवे असेही नाही. आमच्या छत्तीसगडातच दल्ली-राजहरा आहे. तेथे जून १९७७ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात अकरा जण हुतात्मा झाले. पुढे कामगार-नेत्या कुसुमबाई प्रसूतीच्या वेळी उपचारांअभावी दगावल्या. तेव्हा शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील खाण कामगारांनी कोणा परोपकारी पथकाची वाट पाहिली नाही. स्वतःच्या वर्गणीतून आणि घामातून त्यांनी १९८३ साली ‘शहीद रुग्णालय’ उभारले. बाहेरून आलेले तरुण डॉक्टर त्यांच्यात मिसळले, खाणीत राबणारे कामगारच आरोग्यसेवक बनले.

म्हणून, साथींनो, त्या मुलाची टवाळी करू नका. त्याचे हेलावलेले मन ही मोलाची ठेव आहे, ती सत्काराच्या हारांखाली गुदमरू देऊ नका. गुढियारीच्या घाऊक बाजारात पोती वाहणारा हमाल आजारी पडला, तर त्याची त्या दिवसाची मजुरी कोण देतो, औषधाला पैसा कोठून येतो, हे त्याला विचारावयास लावा. उत्तराच्या शोधात तो हमालांच्या सभेपर्यंत आला, तरच त्याचा प्रवास खऱ्या अर्थाने सुरू झाला असे आम्ही म्हणू.