हुशार आहे, मग सवलत कशाला?

‘फाटक्या छत्रीचे मनोगत’ हा मराठीच्या पेपरातला ठरलेला विषय. सातवीतला एखादा मुलगा त्याखाली ‘छत्रीला मन नसते, म्हणून मनोगतही नसते’ एवढे एकच वाक्य लिहितो आणि पेन खाली ठेवतो. बाई शून्य देतात, शेजारी ‘उद्धट उत्तर’ असा लाल शेरा मारतात. हाच मुलगा गणितात पैकीच्या पैकी मिळवतो, कोयनेपासून जायकवाडीपर्यंत धरणांची साठवण टीएमसीत तोंडपाठ सांगतो आणि मधल्या सुट्टीत मात्र जिन्याखाली एकटा बसलेला सापडतो. पालक डॉक्टरांचा कागद घेऊन शाळेत जातात. त्यावर ‘अ‍ॅस्पर्जर’ असे लिहिलेले असते. मुख्याध्यापक प्रगतिपुस्तक उघडतात, गुणांवर बोट ठेवतात आणि विचारतात, ‘अहो, एवढा हुशार आहे, मग याला सवलत कशाला?’ असे विचारणारा माणूस दुष्ट नसतो. नापास होणारे मूल तेवढे अडचणीतले, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. ती समजूत चुकीची आहे आणि तिच्यापायी या मुलांची शालेय वर्षे वाया जात आहेत. शाळेतला आधार मुलाच्या गुणांवरून किंवा त्याच्या अपंगत्वाच्या दाखल्यावरच्या टक्क्यांवरून ठरवायचा नसतो. कायद्यानेही तसे कधी सांगितलेले नाही.

आधी नावाचा घोळ. व्हिएन्नातले बालरोगतज्ज्ञ हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी 1944 मध्ये अशा मुलांविषयी लिहिले. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांनी 1981 मध्ये त्यांचे नाव या लक्षणसमूहाला दिले. पुढे 2013 मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने हे वेगळे निदान रद्द करून ते ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’मध्ये मिळवले, जागतिक आरोग्य संघटनेचे त्याच धर्तीचे वर्गीकरण 2022 पासून लागू झाले. नाझी राजवटीत अ‍ॅस्पर्जर यांनी अपंग मुलांना मृत्यूच्या दारात नेणाऱ्या संस्थेकडे पाठवले होते, हे 2018 मध्ये कागदपत्रांनिशी उजेडात आल्यावर त्या नावाची उरलीसुरली प्रतिष्ठाही गेली. तरीही बोलणे-चालणे चांगले, बुद्धी तल्लख, पण माणसांच्या व्यवहारात गोंधळणारे मूल म्हणजे अ‍ॅस्पर्जर, हा बोलीतला वापर घराघरांत टिकून आहे. दाखल्याच्या सरकारी यादीत मात्र ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ एवढाच रकाना आहे. म्हणून पालकांनी डॉक्टरांकडून कागदावर तेच शब्द लिहून घेतलेले बरे, नाहीतर खिडकीवरचा कारकून ‘ही कॅटेगरी आमच्याकडे नाही’ म्हणायला मोकळा.

अशा मुलाची अडचण पाहायची असेल तर परीक्षेचा निकाल न पाहता डिसेंबर महिना पाहावा. स्नेहसंमेलनाची तयारी सुरू झाली की वेळापत्रक कोलमडते. तिसऱ्या तासाला विज्ञान असेल म्हणून मुलाने वही काढलेली असते, आणि शिपाई येऊन सांगतो, ‘सगळे मैदानावर.’ मैदानावर ध्वनिक्षेपक किंचाळत असतो, चारशे मुले एकाच वेळी बोलत असतात, नाचाची जोडी आयत्या वेळी बदललेली असते. बाकीच्या मुलांसाठी ही महिन्याची चंगळ. या मुलासाठी मात्र रोजचा आधार असलेले वेळापत्रक निघून गेलेले असते. तो कानांवर हात ठेवतो, कोणी हात ओढला तर ढकलून देतो. शेरा पडतो: ‘वर्गात मारामारी.’ जो मुलगा शाळेत दात-ओठ खाऊन निभावून नेतो, त्याचा बांध घरी गेल्यावर फुटतो. मग पालक सभेत आईला ऐकवले जाते, ‘शाळेत तर छान वागतो, तुमच्याच घरी शिस्त नाही.’ मुलींचे तर आणखी अवघड. त्या मैत्रिणींची नक्कल करून वर्षानुवर्षे वेळ मारून नेतात, आणि ‘शांत, आज्ञाधारक’ या शेऱ्याखाली त्यांची दमछाक कोणाच्या लक्षातच येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अलीकडच्या अंदाजानुसार 127 माणसांमागे एक जण ऑटिझमचा. हजार-बाराशे पटाच्या शाळेत अशी आठ-दहा मुले असणार, मग ‘आमच्याकडे अशी मुले नाहीत’ असे शाळा कितीही ठामपणे सांगोत.

आता टक्क्यांकडे वळू. आपल्याकडे ऑटिझमची तीव्रता मोजण्यासाठी भारतीय मापनश्रेणी आहे. त्यात 40 मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच गुण. बेरीज 70 झाली की 40 टक्के अपंगत्व धरले जाते. 70 च्या आत राहिली की मुलाला ऑटिझम नाही, असा निष्कर्ष. म्हणजे 69 आणि 70 यांच्यामध्ये एका मुलाचे सगळे शालेय भवितव्य लटकलेले. सिव्हिल हॉस्पिटलच्या खोलीत, अनोळखी डॉक्टरांसमोर, थोडा वेळ नीट बसून प्रश्नांची उत्तरे देणारे हुशार मूल या मोजणीत कमी भरणारच. मधली सुट्टी त्या खोलीत नसते, ध्वनिक्षेपक नसतो, छत्रीचे मनोगतही नसते. मोजणी टाकाऊ आहे असे नव्हे. पेन्शन, प्रवास सवलत, नोकरीतले आरक्षण यांसाठी कुठेतरी रेघ ओढावीच लागते. वर्गात बसायची जागा बदलून द्यायला ती रेघ कशाला हवी, एवढाच आमचा सवाल आहे.

आणि कायदा नेमके हेच म्हणतो. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम 2016 मध्ये संमत झाला. आधीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते आणि त्यांत ऑटिझम नव्हता. नव्या कायद्यात 21 प्रकार आहेत आणि त्यांत तो आहे. या कायद्याचे कलम 16 शाळांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी आणि व्यक्तिगत आधार द्यावा असे सांगते. ते सरकारी शाळांना लागू आहे तसेच मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही. 40 टक्क्यांची अट या कलमात नाही. ती आहे 6 ते 18 वयाच्या मोफत शिक्षणासारख्या वेगळ्या तरतुदींना. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हा गुंता सोडवला. लिहिताना हात आखडणाऱ्या त्या उमेदवाराचे अपंगत्व वैद्यकीय मंडळाने अवघे 6 टक्के ठरवले होते. तरीही त्याला लेखनिक मिळालाच पाहिजे, वाजवी सोयीचा हक्क 40 टक्क्यांच्या पाटीवर अवलंबून नाही, असे न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने बजावले. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारला 40 टक्क्यांखालच्या उमेदवारांसाठी लेखनिकाची मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. हा निकाल आपल्या मुख्याध्यापकांपर्यंत पोचलेला नाही. तो पोचवण्याचे काम शालेय शिक्षण विभागाचे होते.

शाळेने द्यायचे तरी काय? यादी ऐकली की अनेक संस्थाचालकांना धक्का बसेल, कारण तीत खर्चाचे फारसे काही नाही. पंख्याच्या खडखडाटापासून आणि दारापासून लांब, ठरलेली एकच जागा. उद्या तास बदलणार असेल तर आज सांगणे. तोंडी सूचना फळ्यावरही लिहिणे. असह्य झाले की परवानगी न मागता जाऊन बसता येईल असा एक शांत कोपरा, मग तो ग्रंथालयातला का असेना. मधल्या सुट्टीत करायला काहीतरी नेमून दिलेले काम. आणि शाळेत एक माणूस असा, ज्याच्याकडे मुलाने जावे हे मुलाला आणि सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. हे सगळे एका पानावर लिहून, पालकांची आणि वर्गशिक्षिकेची सही घेऊन, पुढच्या वर्षीच्या बाईंच्या हाती द्यायचे. आज होते काय, तर चौथीच्या बाईंनी वर्षभर धडपडून शिकलेले सगळे जूनमध्ये पुसले जाते आणि पाचवीच्या बाई पहिल्यापासून सुरुवात करतात. परीक्षेचा भाग निराळा. तिथे तासाला 20 मिनिटे वाढीव वेळ किंवा लेखनिक लागू शकतो, त्यासाठी मंडळाला प्रमाणपत्र लागते, आणि ती धावपळ दहावीचा अर्ज भरायच्या महिन्यात न करता दोन वर्षे आधी करायची असते.

याउलट मुंबई-पुण्यातल्या काही महागड्या शाळांनी भलतीच वाट काढली आहे. मुलासोबत दिवसभर बसणारी ‘शॅडो टीचर’ पालकांनी स्वतःच्या पैशाने आणावी, तरच मूल ठेवू, अशी अट घातली जाते. काही मुलांना अशा सोबतीची गरज असते, नाही असे नाही. पण वाजवी सोय करण्याची जबाबदारी कायद्याने संस्थेवर टाकलेली असताना तिचे बिल पालकांच्या नावे फाडणे ही पळवाट आहे. अट मान्य नसेल तर ‘दाखला घेऊन जा’ हे ठरलेले पुढचे वाक्य. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. गोड शब्दांत, पालकांकडूनच अर्ज लिहून घेऊन काढले तरी ते काढणेच.

शिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे. साठ मुलांचा वर्ग, एका हातात पोषण आहाराची नोंद, दुसऱ्या हातात निवडणुकीची यादी, आणि वर ऑनलाइन माहितीचा रोजचा तगादा. या शिक्षिकेला ऑटिझमविषयीचे प्रशिक्षण मिळालेले नसते आणि विचारायला जवळ कोणी नसते. प्राथमिक शाळेत विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि पुढच्या वर्गांत पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये सांगितले. राज्यांनी चालढकल केली म्हणून मार्च 2025 मध्ये न्यायालयाला पदे जाहीर करण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. महाराष्ट्राने 2024 मध्ये केंद्रस्तरावर 4 हजार 860 विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला, त्याचे स्वागतच. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्यांना त्याने थोडा दिलासा मिळाला. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात आणि अंध, कर्णबधिर, मतिमंद अशा सगळ्याच मुलांकडे त्या एकालाच पाहायचे असते. हुशार म्हणून गणल्या गेलेल्या, वर्गात शांत बसणाऱ्या मुलाची पाळी त्याच्या यादीत कधी येणार?

अशी मुले शोधून काढण्याची यंत्रणाही कागदावर चोख आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात 2013 मध्ये आपल्याच पालघरमधून झाली. त्याची पथके सरकारी आणि अनुदानित शाळांत तपासणीला जातात, विनाअनुदानित शाळांची मुले बाहेर राहतात. शिक्षकांनी वर्गातल्या वर्गात प्राथमिक चाचपणी करावी म्हणून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने 2022 मध्ये ‘प्रशस्त’ ही प्रश्नावली दिली. दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचे सर्वेक्षण करा, असे 2016 चा कायदा सांगतो. आपल्या शाळेत ते शेवटचे कधी झाले, हे वाचकांनी सहज विचारून पाहावे.

हे राज्याला जमणारच नाही, असे म्हणता येत नाही. डिसलेक्सियाच्या मुलांना दहावीच्या परीक्षेत सवलती देण्यात महाराष्ट्र नव्वदच्या दशकातच देशात पुढे होता, ‘तारे जमीन पर’ पडद्यावर यायच्या कितीतरी आधी. तेव्हा पालक, डॉक्टर आणि शिक्षण खाते एका टेबलाशी बसले होते. आज मुलाचा दाखला आरोग्य खात्याकडे, शाळा शालेय शिक्षण खात्याकडे आणि हक्क 2022 मध्ये थाटलेल्या स्वतंत्र दिव्यांग कल्याण खात्याकडे. या तिघांमध्ये फाइल घेऊन फिरते ती मुलाची आई, आणि बहुधा त्यासाठी तिने नोकरी सोडलेली असते.

शालेय शिक्षण विभागाने आता एक स्पष्ट परिपत्रक काढावे. वर्गातला आधार शिक्षकाच्या निरीक्षणावर आणि तज्ज्ञाच्या साध्या पत्रावर सुरू होईल, प्रमाणपत्राची वाट पाहिली जाणार नाही; प्रत्येक शाळा एका शिक्षकाचे नाव यासाठी जाहीर करील; मदतनीस पालकांच्या खर्चाने आणण्याची अट घालणाऱ्या शाळेला नोटीस जाईल. यासाठी नवा कायदा नको, अर्थसंकल्पात नवी तरतूदही जवळजवळ नको. तोवर पालकांनी तोंडी विनवण्या थांबवाव्यात. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 16 चा उल्लेख करून, कोणत्या सोयी हव्यात ते नेमके लिहून मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावे, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याचा हक्क याच कायद्याने दिला आहे.