कार्डाने येणारा पैसा आणि आंबा बागायतदार

कोकणातील आंबा बागायतदार आपला सर्व माल आता दलालाच्याच हवाली करीत नाहीत. मुंबई-पुण्याचे ग्राहक संकेतस्थळावर मागणी नोंदवितात, क्रेडिट कार्डाने पैसे भरतात व हापूसची पेटी घरपोच मागवितात. यामुळे मधला अडत्या गेला, असे वाटणे साहजिक आहे. परंतु ते पूर्णतः खरे नव्हे. ग्राहकाच्या कार्डावरील पैसा बागायतदाराच्या खात्यात पोहोचविणारी संस्था ही एक प्रकारे नवी अडतच होय. तिची निवड तितक्याच चोखंदळपणे व्हावयास हवी.

पुष्कळ जण केवळ शुल्काचा दर पाहतात. दर शेकडा २ असेल, तर ५,००० रुपयांच्या विक्रीवर १०० रुपये शुल्क व त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर मिळून ११८ रुपये वजा होतात. दर पाव टक्क्याने उतरला, तर वाचतात १५ रुपयांहूनही कमी. त्यापायी वर्षाला ३,००० रुपये वर्गणी द्यावी लागली, तर ती भरून निघण्यास अशा २०० हून अधिक मागण्या हव्यात. हंगाम मात्र दोन-अडीच महिन्यांचाच. म्हणून लहान बागायतदाराने वर्गणी नसलेली व विक्रीपुरतेच शुल्क घेणारी संस्था पसंत करणे हिताचे आहे.

दरापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पैसा हाती येण्याचा काळ. तोडणीची मजुरी, पेट्या व वाहतूक यांचा खर्च रोजचा असतो. रक्कम किती दिवसांत जमा होते व कोणत्या कारणाने अडविली जाते, हे करारात वाचून घ्यावे. फळ खराब निघाल्याची तक्रार ग्राहकाने आपल्या बँकेकडे केली, तर जमा झालेली रक्कमही परत घेतली जाऊ शकते. अशा वेळी बिल, पाठवणीची पावती व पेटी भरतानाचे छायाचित्र हाच पुरावा ठरतो.

संस्थेस रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे काय, हे प्रथम तपासावे. तिच्या नियमांनुसार बँकेतर संस्थांना ग्राहकांचा पैसा स्वतंत्र विश्वस्त खात्यात ठेवावा लागतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यास कार्डाचा क्रमांक साठविता येत नाही. तो वहीत टिपून ठेवण्याची सवयही सोडून द्यावी.

बँक खात्यातून यूपीआयने आलेल्या रकमेवर १ जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क नाही. तेव्हा ग्राहकापुढे ती सोय प्रथम व कार्ड दुसरे ठेवावे. मात्र संस्था सेवेचे निराळे शुल्क लावते काय, ते विचारावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वीच बागायतदारांना एकत्र बसवून दोन-तीन संस्थांचे करार वाचून दाखवावेत. वर्षभर राबून पिकविलेल्या फळाचे मोल शेवटच्या पायरीवर गळून जाऊ नये, यासाठी एवढा खटाटोप सार्थकी लागेल.