तळलेला बटाटा आणि उकडलेले कणीस

गेल्या पावसाळ्यात आपल्याच एका अभ्यासशिबिरात बहुराष्ट्रीय भांडवलावरील व्याख्यान आटोपून प्रस्तुत लेखक व्यासपीठावरून खाली उतरला, तेव्हा कार्यकर्त्यांच्या हाती चहाबरोबर बटाट्याच्या वेफर्सची पाच-पाच रुपयांची पाकिटे होती. फाटकाबाहेर एक बाई हातगाडीवर कणसे उकडून विकत होती. तिच्याकडे कोणी फिरकले नाही. व्यवस्था पाहणाऱ्या तरुणाला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "सर, कणीस वीस रुपयांना. शंभर जणांचे दोन हजार होतात, पाकिटांचे पाचशेच." त्याचा हिशेब बिनचूक होता. तो बिनचूक का ठरावा, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम पोषणाचे पाहू. शंभर ग्रॅम वेफर्समध्ये सुमारे ५३५ उष्मांक, ३५ ग्रॅम स्निग्धांश आणि सात ग्रॅम प्रथिने असतात. शंभर ग्रॅम उकडलेल्या मधुमक्याच्या दाण्यांत उष्मांक ९५च्या आसपास, स्निग्धांश दीड ग्रॅम, प्रथिने साडेतीन ग्रॅमांच्या जवळपास. (देशी कणसात पिष्ट अधिक असते, म्हणून हे आकडे थोडे बदलतील.) एखादा जाहिरातदार यावरून खुशाल म्हणेल की वेफर्समध्ये कणसाच्या दुप्पट प्रथिने आहेत! वाक्य खोटे नाही, पण फसवे आहे. कच्च्या बटाट्यात जवळजवळ चार पंचमांश पाणी असते. तळताना ते उडून जाते आणि त्याच्या जागी तेल शिरते. कोरड्या वस्तूची ओल्या वस्तूशी वजनावर तुलना करणे हे चलनवाढ विचारात न घेता दोन वर्षांच्या मजुरीची तुलना करण्यासारखे आहे. तुलना शंभर उष्मांकांमागे केली पाहिजे. तशी केली, तर वेफर्समधून सव्वा ग्रॅम प्रथिने मिळतात आणि कणसातून साडेतीन ग्रॅम; तंतुमय भाग वेफर्समध्ये एक ग्रॅमहून कमी, कणसात अडीच ग्रॅम; स्निग्धांश मात्र वेफर्समध्ये साडेसहा ग्रॅम आणि कणसात दीड. मिठाचा प्रश्न निराळाच. कणसाला मीठ आपण आपल्या हाताने, लिंबाच्या फोडीने चोळतो. पाकिटात ते दुसऱ्याने आपल्यासाठी ठरवलेले असते.

यात बटाट्याचा काहीही अपराध नाही. उकडलेल्या बटाट्यात शंभर ग्रॅमांमागे सत्त्याऐंशी उष्मांक असतात, स्निग्धांश नाममात्र, आणि 'क' जीवनसत्त्वही बऱ्यापैकी. कढईत जाईपर्यंत बटाटा आणि कणीस एकमेकांचे सख्खे शेजारीच आहेत.

मक्याची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. त्याच्या प्रथिनांत लायसिन व ट्रिप्टोफॅन ही द्रव्ये अपुरी असतात आणि त्यातील नायसिन हे जीवनसत्त्व बद्ध अवस्थेत असल्याने शरीराला सहजी मिळत नाही. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीतील शेतमजूर आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील गरीब लोक पेलाग्रा या रोगाने हजारोंनी मेले, ते मुख्यतः मक्यावरच जगत असल्यामुळे. हा रोग जंतूंचा नसून ताटाचा आहे, हे अमेरिकेत डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिले, तेव्हा तेथील पुढाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही. कारण ताटाचा प्रश्न निघाला की मजुरीचा निघतो. मेक्सिकोतील मूळ रहिवासी मात्र शतकानुशतके चुन्याच्या पाण्यात मका शिजवून खात होते व या रोगापासून बहुतांशी दूर राहिले. आपल्या सातपुड्यात मक्याच्या भाकरीबरोबर उडदाची डाळ असते, आणि मक्यात उणे असलेले लायसिन ती डाळ भरून काढते. घातक ठरला तो मका नव्हे. मक्यावाचून दुसरे काही न मिळणे घातक ठरले.

आता त्या कार्यकर्त्याच्या हिशेबाकडे वळू. पाच रुपयांच्या पाकिटात बारा ग्रॅम माल धरला, तर त्यातून साठ-पासष्ट उष्मांक मिळतात, म्हणजे रुपयाला बारा-तेरा. वीस रुपयांच्या कणसातून रुपयाला पाचच. भुकेल्या पोराच्या हाती पाच रुपये असतील, तर त्याने पाकीट घेणे यात अज्ञान कोठे आहे? आपल्या मध्यमवर्गीय आहारतज्ज्ञांची प्रवचने येथेच थिटी पडतात. आणि पाच रुपयांना कणीस मिळतच नाही, हे तर ते विसरूनच जातात.

परंतु हिशेब येथे संपत नाही. २०२५-२६साठी मक्याचा हमीभाव क्विंटलला २४०० रुपये जाहीर झाला. म्हणजे कोरड्या दाण्याच्या रूपाने मका रुपयाला सुमारे दीडशे उष्मांक देतो, पाकिटाच्या दहापटीहून अधिक! मग हा मका गरिबाच्या ताटात का नाही? एक तर तो दळायला, शिजवायला सरपण हवे, गॅस हवा, आणि मुख्यतः एका स्त्रीचा वेळ हवा. सकाळी सहाला कामावर निघणाऱ्या बाईजवळ पैशांहूनही वेळ कमी असतो. पाकीट विकते ते हा वाचलेला वेळ. दुसरे म्हणजे, २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला स्थान आहे, पण शिधावाटप दुकानात बोलबाला गहू-तांदळाचाच. आपला मका जातो कोंबड्यांच्या खाद्याला, स्टार्चच्या कारखान्यांना, आणि अलीकडे मोटारीच्या इंधनात मिसळायच्या इथेनॉललाही.

पाकिटाच्या अर्थकारणाकडेही पाहावे. किलोभर वेफर्सना साधारण चार किलो बटाटा लागतो. बटाट्याचा किरकोळ भाव तीस रुपये धरला, तरी पाच रुपयांच्या पाकिटातला बटाटा दीड रुपयाचा. उरलेले साडेतीन रुपये तेल, वेष्टन, वाहतूक, अडत, जाहिरात आणि नफा यांचे. दीड रुपयातलाही काही भागच पिकवणाऱ्याला मिळतो. वर त्याने कोणते वाण लावावे यावरही पहारा! २०१९ मध्ये पेप्सिकोने आपल्या नोंदणीकृत वाणाचा बटाटा लावला म्हणून गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यातील शेतकऱ्यांवर प्रत्येकी कोटीहून अधिक रुपयांच्या भरपाईचे दावे ठोकले होते. देशभर ओरड झाली, तेव्हा ते मागे घेण्यात आले.

अशा स्थितीत केवळ "कणीस खा" असा उपदेश करणे व्यर्थ आहे. शासनाच्या हाती दोन साधने आहेत, आणि ती दोन्ही गंजत पडली आहेत. पहिले, अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२०च्या नियमांप्रमाणे शाळेच्या आवारात आणि फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत अतिरिक्त मेद, मीठ वा साखर असलेले पदार्थ विकण्यास मनाई आहे. कोणत्याही शाळेसमोर उभे राहून माळेसारखी लटकलेली पाकिटे मोजावीत. पाकिटावरच्या सूचनेचेही तेच. चिलीने २०१६ पासून असल्या मालावर काळी अष्टकोनी सूचना छापणे सक्तीचे केले. आपल्याकडे २०२२ मध्ये मसुदा निघाला तो तारे देण्याचा, ज्यात एखाद्या चांगल्या घटकामुळे वाईटाचे गुण भरून निघावेत. बटाट्याला परीक्षेत बसवून उत्तीर्ण करण्याची ही युक्ती!

दुसरे साधन म्हणजे २०१४चा पथविक्रेता कायदा. कणीस विकणाऱ्या बाईच्या मागे जाहिरात नाही, गोदाम नाही. आहे ती महापालिकेची अतिक्रमणविरोधी गाडी. दंड, हप्ता आणि जप्त झालेल्या तराजूची किंमत तिला कणसावरच चढवावी लागते. त्या वीस रुपयांत मका किती आणि ही धास्ती किती, हे कोणी मोजलेले नाही. कायद्याने विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींसह नगर पथविक्रेता समिती नेमणे बंधनकारक आहे. प्रत्येक शहर शाखेने माहितीच्या अधिकारात अर्ज करून आपल्या गावी ही समिती आहे का, तिची शेवटची बैठक केव्हा झाली आणि विक्रीचे परवाने किती जणांना मिळाले, हे विचारावे. उत्तरे या साप्ताहिकाकडे पाठवावीत, आम्ही ती छापू. आणि पुढील शिबिराच्या अंदाजपत्रकात दोन हजार रुपये कणसांचे धरावेत. ते कमी पडल्यास प्रस्तुत लेखकाच्या मानधनातून कापून घ्यावेत.