बाळाच्या अंगावरचे चित्र कोणाचे?

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या पश्चिमेस सुमारे १२५ किलोमीटरवर, डोंगरमाथ्यावर टूवूंबा हे शहर आहे. तेथील फुलांचा उत्सव १९५० पासूनचा. २०१४ साली 'फर्स्ट कोट' हा भित्तिचित्रांचा उत्सव सुरू झाला आणि गल्लीबोळांतील भिंती रंगून गेल्या. अशा गावचा एकटा चित्रकार आज आपले चित्र बाळाच्या झबल्यावर छापून विकू शकतो. दुकान नको, मालाचा साठा नको. मेलबर्नला २००६ साली निघालेल्या 'रेडबबल'सारख्या कंपन्या मागणी येईल तसा एकेक कपडा छापून घेतात आणि विक्रीतला वाटा चित्रकाराला देतात.

आपल्या कितीतरी घरांतली मुले ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली आहेत. तेव्हा असे झबले उद्या आपल्याही बारशात दिसेल. दिसावे, त्यात वावगे काही नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट बाळाची. तान्ह्या बाळाची नजर वीस-तीस सेंटीमीटरपलीकडे नीट ठरत नाही. आपल्या छातीवरचे चित्र त्याला कुठून दिसणार? ते चित्र आपल्या हौसेसाठी असते. त्याला हवे ते मऊ कापड. म्हणूनच आपल्या आज्या जुने धुवट लुगडे फाडून झबली, टोपडी, कुंची शिवीत. जाड रंगाचा थर घाम शोषत नाही; छपाई अंगाला टोचत नाही ना, हे आधी हात फिरवून पाहावे, आणि कपडा धुऊनच घालावा.

दुसरी गोष्ट चित्रकाराची. ऑस्ट्रेलियातील अर्नहेम लँडचे आदिवासी चित्रकार जॉनी बुलुनबुलुन यांची चित्रे परवानगीवाचून टी-शर्टांवर छापली गेली, तेव्हा १९८९ साली त्यांना न्यायालयात जावे लागले. पुढे त्यांचे चित्र आयात कापडावर आढळले. १९९८ च्या त्या निकालात न्यायालयाने असेही मानले की अशा चित्राबाबत चित्रकाराचे आपल्या कुळाशी कर्तव्य असते. चोरी कापडाची नव्हती, पिढ्यांच्या ठेव्याची होती.

हे आपल्याला परके वाटू नये. १९७० च्या निर्यात क्षेत्र कायद्यानंतर मॉरिशसच्या कापड कारखान्यांत आपल्याच आया-बहिणींनी जगभरच्या मुलांचे कपडे शिवले. त्या कपड्यांवर नाव दुसऱ्याचेच राहिले. श्रमाचे नाव पुसले गेले की काय वाटते, हे आपल्या घरांना सांगावे लागत नाही. आज २०१४ चा कॉपीराइट कायदा आपल्या तरुण चित्रकारांच्याही पाठीशी आहे. त्यांनी आपली चित्रे कपड्यांवर आणावीत, पण करार वाचून, आपला वाटा ठरवून.

आणि आपण घेणाऱ्यांनी एवढेच विचारावे: चित्र कोणाचे? त्याला विचारले होते का? त्याला काय मिळाले? आजीच्या कुंचीवर नाव नसे, पण ती कोणी शिवली हे घरातले शेंबडे पोरही सांगे. विकतच्या झबल्याबाबतही तेवढे सांगता आले पाहिजे.