बैल गेला, मग झोपा कशाला?

महाभियोग झालेला अमेरिकन राष्ट्राध्यक्ष पुन्हा निवडणूक लढवू शकतो का? शकतो. डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर एकदा नाही, दोनदा महाभियोग झाला (२०१९ आणि २०२१), आणि २० जानेवारी २०२५ ला त्यांनी पुन्हा शपथ घेतली. मग अशा माणसाला कायमचं बाहेर ठेवता येतं का? तेही येतं! मंडळी, गोंधळ इथेच होतो.

महाभियोग म्हणजे शिक्षा नव्हे, नुसतं आरोपपत्र. ते प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने ठेवतं. खटला चालतो सिनेटमध्ये, आणि दोषी ठरवायला दोन-तृतीयांश मतं लागतात. शिक्षा दोनच: पदावरून काढणं आणि पुढे सरकारी पद घ्यायला बंदी. ही बंदी आपोआप लागत नाही. दोषी ठरल्यावर वेगळं मतदान घ्यावं लागतं, आणि सिनेटच्या प्रथेप्रमाणे तिथे साधं बहुमत पुरतं. आजवर ती तीनच जणांवर लागली, तिघंही न्यायाधीश: १८६२, १९१३ आणि २०१० मध्ये. ॲल्सी हेस्टिंग्ज या न्यायाधीशाला १९८९ मध्ये काढलं, पण बंदी घातली नाही. गडी १९९२ मध्ये थेट प्रतिनिधीगृहात निवडून आला! ज्यांनी आरोप ठेवले त्यांच्याच शेजारी जाऊन बसला.

आता २०२१ कडे या. ६ जानेवारीला निवडणुकीची मतं मोजत असलेल्या संसदेवर जमाव चालून गेला. १३ ला महाभियोग झाला, २३२ विरुद्ध १९७ मतांनी. ट्रम्प यांची मुदत २० ला संपणार होती. सिनेटमधले बहुमतवाल्यांचे तेव्हाचे नेते मिच मॅकॉनेल म्हणाले, १९ च्या आधी सिनेट बोलावणार नाही. १३ फेब्रुवारीला निकाल लागला: दोषी ५७, निर्दोष ४३. हवी होती ६७. त्या ४३ मध्ये मॅकॉनेलही होते. त्याच दिवशी त्यांनी भाषणात सांगितलं, की घडल्या प्रकाराला ट्रम्प नैतिकदृष्ट्या जबाबदार आहेत. मग मत निर्दोष का? तर म्हणे ते आता माजी झाले, माजी माणसावर आमचा अधिकार चालत नाही.

वा रे वा! आधी उशीर आपणच करायचा, आणि मग घड्याळाकडे बोट दाखवायचं. बैल गेला, मग झोपा कशाला? पण साहेब, या बैलाला परतीची वाट ठाऊक होती.

आपल्या हापिसातलंच घ्या. चौकशी चालू असताना कुणी राजीनामा टाकला म्हणून एचआर फाइल बंद करतं का? "पुन्हा घेऊ नये" हा शेरा त्याच्या नावापुढे पडतोच, कारण शेरा मारायचा तो परत अर्ज येईल म्हणून. गेलेल्या माणसासाठीच तो असतो!

१८७६ मध्ये सिनेटला हे कळलं होतं. युद्धमंत्री विल्यम बेलनॅप यांनी महाभियोगाच्या काही मिनिटं आधी राजीनामा दिला, तरी खटला चालवायचा अधिकार आपल्याला आहे असं सिनेटने ३७-२९ ने ठरवलं. (पुढे दोन-तृतीयांश मतं पडली नाहीत, ते सुटले. असो.) ब्राझीलचे राष्ट्राध्यक्ष फर्नांदो कोलोर यांनी १९९२ मध्ये खटला चालू असतानाच राजीनामा दिला. तिथल्या सिनेटने तरीही खटला पुरा केला आणि आठ वर्षांची बंदी घातली. जमतं, मनात असलं तर.

आता ठरलेला प्रश्न: "लोकांनाच ठरवू द्या ना, बंदी घालणारे हे कोण?" ऐकायला छान वाटतं. पण तिसऱ्यांदा निवडून यायला बंदी आहेच की, १९५१ पासून. ३५ वर्षांखालच्यालाही बंदी आहे. तिथे लोकशाही बुडत नाही, मग इथेच कशी बुडते? आणि आरोप काय होता? लोकांनी दिलेला निकाल उलटवण्यासाठी जमावाला चिथावल्याचा. असा आरोप खरा की खोटा, हे पुढच्या निवडणुकीवर सोडणं म्हणजे मॅच फिक्सिंगची चौकशी पुढच्या मॅचच्या स्कोअरबोर्डवर सोडण्यासारखं आहे.

दोन-तृतीयांशाची अट राहू दे. उद्या दुसऱ्या पक्षाच्या माणसावरही सूड उगवता येऊ नये, म्हणून ती हवीच. निर्दोष वाटला तर बिनधास्त सोडा. पण पुरावा बघून सोडा, कॅलेंडर बघून नको. नाहीतर राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीचे शेवटचे काही आठवडे म्हणजे मोकळं रान. काहीही करा, खटला उभा राहीपर्यंत तुम्ही माजी झालेले असाल!